माटोळीचा फोटो कुठे ठेवावा? इंटरनेटवर पहिल्यांदाच काही मांडणाऱ्यांसाठी

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दिवसांत गोव्यातल्या आमच्या व्हॉट्सॲप गटावर माटोळीचे फोटो धो धो येतात. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळा-पानांनी सजवलेली चौकट. सत्तरीतून, माशेलहून, पेडण्याहून, एखादा मुंबईत राहणाऱ्या भाच्याच्या फ्लॅटमधूनही. गणपती पोचवून घरी आलो की तो ओघ आटतो. पुढच्या भाद्रपदात कुणीतरी विचारते, "गेल्या वर्षी तुमच्याकडे ते शेंदरी फळ बांधलेले होते, ते कसले?" आणि तो फोटो कुणालाच सापडत नाही. पाठवणाऱ्याने फोन बदललेला असतो, घेणाऱ्याने जागा भरली म्हणून सगळे पुसलेले असते. फळाचे नाव ज्या आजीला ठाऊक होते ती दरम्यान गेलेली असते.

मी डिचोली तालुक्यात शाळामास्तर होतो. निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयात रविवारी सकाळी दोन तास बसतो आणि ज्यांना मोबाइलवर काही मांडायचे आहे त्यांना मदत करतो. भजनी मंडळातले काका येतात, फुगडीच्या पथकातल्या बायका येतात, जत्रेच्या नाटकात तीस वर्षे काम केलेले नट येतात. सगळ्यांकडे फोन आहे, सगळ्यांना फॉरवर्ड करता येते. स्वतःजवळचे काही नीट मांडायचे म्हटले की मात्र हात थबकतो. त्यांच्या प्रश्नांवरूनच या पायऱ्या तयार झाल्या आहेत. उदाहरण सगळीकडे माटोळीचेच घेतो. तुमच्याकडे भजनाची वही असेल, आजोबांचे नाटकातले फोटो असतील, खाजन शेतीतल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीची, म्हणजे पाणी अडवायच्या दाराची माहिती असेल, तरी रीत हीच.

पायरी १: एक गोष्ट निवडा

पहिल्याच दिवशी फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब सगळीकडे खाते उघडू नका. आधी कागद घ्या आणि लिहा: मला असे काय माहीत आहे, जे माझ्या गावाबाहेरच्या माणसाला दुसरीकडे सहज मिळणार नाही? "सुप्रभात"ची चित्रे जगात भरपूर आहेत. तुमच्या वाड्यावर माटोळीला कुठल्या रानातून काय आणतात, हे मात्र तुमच्याशिवाय कोण लिहिणार?

आमच्याकडे एक काका आले होते. त्यांना "गोव्याचा सगळा इतिहास" मांडायचा होता. सहा महिने काहीच झाले नाही. मग त्यांनी आपल्या वाड्यावरच्या सात विहिरींची नावे आणि ती का पडली एवढेच लिहायला घेतले, आणि ते काम महिन्याभरात पुरे झाले. आज आमच्या शाळेतली मुले प्रकल्पासाठी ते वाचतात.

पायरी २: फोन तयार करा

तीन कामे आहेत, एका बैठकीत होतात.

पहिले देवनागरी. फोनमध्ये जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत जाऊन मराठी जोडा. टंकायला त्रास होत असेल तर माइकचे चित्र दाबून बोला. मराठी तो बऱ्यापैकी ओळखतो. आमच्या घरात बोलणे कोकणी, देवळातले भजन मराठी आणि पत्र लिहायचे तर तेही मराठीत. बोलून टंकताना मध्येच कोकणी शब्द आला की यंत्र गोंधळते, तेवढे हाताने सुधारा. रोमन लिपीत मराठी लिहायची सवय असेल तर इथेच सोडा. "माटोळी" रोमनमध्ये चार जण चार तऱ्हेने लिहितात, मग शोधणाऱ्याला काय सापडणार? तसेच जुन्या संगणकावर शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तुमच्याकडे असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-संगणकांवर सारखीच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्या. नाहीतर इंटरनेटवर तो निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. वर्तमानपत्राचे जुने कात्रण किंवा छापील पत्रिका असेल तर गूगल लेन्स फोटोतला मजकूर वाचून देते. छपाई स्वच्छ असली की थोड्याच चुका दुरुस्त कराव्या लागतात.

दुसरे कुलूप. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे. तिथे सहा आकडी पिन ठेवा, जन्मतारीख सोडून दुसरा. गूगल आणि फेसबुकच्या खात्यांनाही अशी दुहेरी पडताळणी लावता येते. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, "मी बँकेतून बोलतो" म्हणणाऱ्याला तर नाहीच. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. सायबर गुन्ह्यांसाठीची ती सरकारी मदतवाहिनी आहे.

तिसरे ठिकाण. फोनचा कॅमेरा फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि बऱ्याचदा जागेचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. फोटो फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप ही माहिती काढून टाकते, पण मूळ फाइल जशीच्या तशी चढवली तर ती सोबत जाते. देवळाच्या फोटोत जागा असली तर चांगलेच. घरातल्या फोटोत नको. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद-चालू करता येते, घरच्या माटोळीआधी ते बंद करा. आणि एक सांगतो: वारीला पंढरपूरला निघालात, तर फोटो परत आल्यावर टाका. घर बंद आहे ही बातमी गावभर कशाला?

पायरी ३: फोटो, आणि त्याखालच्या चार ओळी

खरे काम इथे आहे. घाई नको.

माटोळी बांधून झाली की लगेच, पहिल्याच दिवशी, दिवसाच्या उजेडात फोटो घ्या. दुसऱ्या दिवशी पाने मलूल होतात. एक फोटो समोरून, सबंध चौकटीचा, खालचा गणपती दिसेल असा. मग जवळ जाऊन एकेका वस्तूचा. नारळाची पेंड (घोस), सुपारीचा कातरा (घोस), केळीचा घड हे सगळ्यांना ओळखू येतात. रानातली फळे येत नाहीत, म्हणून त्यांचा फोटो देठापानासकट घ्या, शेजारी हाताचे बोट येऊ द्या म्हणजे आकार कळतो. फ्लॅश टाळा, फळाचा रंग खोटा येतो.

मग घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला जवळ बसवा आणि एकेक फोटो दाखवून नाव विचारा. माझ्या आईला मी असा बसवला तेव्हा तिने अकरा नावे न अडखळता सांगितली. त्यातली चार मला ऐकूनही माहीत नव्हती. कांगलां म्हणजे मालकांगोणी हे मला त्या दिवशी कळले. माट्टी रोज दारात बघत होतो. गोव्याचा राज्यवृक्ष तो, घाटावर ज्याला ऐन म्हणतात. पण त्याची पंख असलेली फळे माटोळीला बांधतात हे कधी डोळे उघडून पाहिलेच नव्हते. कवंडळ, घागऱ्यो, आंबाडे… आई सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. शास्त्रीय नाव माहीत नसेल तर जागा कोरी सोडा. अंदाजाने लिहिलेले चुकीचे नाव पुढे दहा जण उतरवून घेतात आणि ते पुसणे मग कुणाच्याच हातात राहत नाही.

आता ओळी. प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी हव्यात: काय, कुठे, कधी, कुणी. असे:

"माटोळीला बांधलेली कांगलां (मालकांगोणी). माशेल, फोंडा तालुका, गोवा. गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबर २०२४. नाव सांगणारी: घरातली आजी, वय ८१. फोटो: तिचा नातू."

एवढ्याने तो फोटो कायमचा उपयोगी होतो. "आमच्या बाप्पाची सुंदर माटोळी" आणि हात जोडलेली चार चित्रे, यातून शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. भक्ती तुमच्या मनात असतेच; ओळ मात्र अशी लिहा की तुम्हाला न ओळखणाऱ्या, कदाचित गोवा न पाहिलेल्या माणसालाही समजेल. गावाचे नाव लिहिताना तालुका आणि "गोवा" हे दोन्ही लिहा. एकाच नावाची गावे सिंधुदुर्गातही निघतात.

घरच्या व्यक्तीचे पूर्ण नाव लिहायचे की नाही, हे त्या व्यक्तीलाच विचारून ठरवा. आई म्हणाली, "म्हजें नांव कित्याक? झाडाचें बरय." (माझे नाव कशाला? झाडाचे लिही.) मी तसेच केले.

भजनाच्या वहीचे फोटो घेणार असाल तर पान सपाट ठेवून, बरोबर वरून, खिडकीजवळ घ्या. शाई फिकी असेल तर उन्हात नेऊ नका, सावलीतला उजेड पुरतो. मुखपृष्ठ आणि कोरी पानेसुद्धा घ्या. मागच्या कोऱ्या पानावर कुणीतरी १९६८ सालच्या सप्ताहाचा खर्च लिहून ठेवलेला असतो, आणि कधीकधी त्याचेच मोल जास्त निघते.

पायरी ४: आधी विचारा

ही पायरी मी चुकून शिकलो.

बऱ्याच वर्षांपूर्वी चवथीत एका घरी फुगडी रंगली होती. मी फोटो काढले आणि रात्री एका खुल्या गटात टाकले. शंभरावर लोकांनी कौतुक केले, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दारात. चेहरा उतरलेला. म्हणाली, "मास्तर, म्हज्या धुवेचो फोटो कोणाक विचारून घातलो तुमी?" तिची मुलगी चौदा वर्षांची. फोटोखाली परक्या पुरुषांनी काहीबाही लिहिले होते, ते कुणीतरी तिला शाळेच्या वाटेवर वाचून दाखवले. मी तत्काळ फोटो काढून टाकला. पण तोवर तो किती फोनांत उतरला होता, ते मला आजही सांगता येणार नाही. मुलगी पुढची दोन वर्षे फुगडीला उभी राहिली नाही. ते अजून मनाला लागून आहे.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर विचारायचे, आणि फोटो कुठे जाणार तेही सांगायचे. "काढू का?" एवढे पुरत नाही. "काढू का, आणि हा इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवू का?" असे दोन प्रश्न. मुले असतील तर आईवडिलांना विचारायचे, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्यालाही. नको म्हणाले तर कारण विचारत बसायचे नाही.

देवळात आणि मांडावर (गावच्या विधी-नाचांच्या ठरलेल्या पवित्र जागेवर) वेगळे भान हवे. गाभाऱ्यात फोटो चालत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पौषातल्या धालोंच्या (गाण्या-नाचाच्या) रात्री बायकांच्या असतात. तिथे काय टिपायचे, काय नाही, हे मांडावरच्या जाणत्या बायका ठरवतील. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड (देवीचे व्रत घेतलेले भक्त) अग्निदिव्यातून जातात तेव्हा हजारो फोन वर असतात. गर्दीचे दृश्य घ्या, पण व्रतस्थ माणसाच्या तोंडासमोर फोन धरू नका. माशेलचा चिखलकाला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी उघड्या मैदानात असतो, तिथे मोकळीक आहे. तरी चिखलाने माखलेल्या लहान मुलांचे जवळून घेतलेले फोटो मी टाकत नाही.

पायरी ५: ठेवायचे कुठे?

रविवारी सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. माझे मत स्पष्ट आहे: सांगण्याची जागा वेगळी आणि साठवण्याची जागा वेगळी.

व्हॉट्सॲप ही सांगण्याची जागा. घरातल्यांना, मंडळातल्यांना कळवायला उत्तम. पण तिथले बाहेरच्या कुणाला सापडत नाही आणि फोटो दाबून लहान होतो. मूळ दर्जाचा फोटो पाठवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून जोडा, तारीख वगैरेही शाबूत राहते.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम म्हणजे चव्हाटा. लोक भेटतात, बोलतात, ओळखी होतात. माटोळीतल्या एका वेलीचे नाव मला फेसबुकवरच्या अनोळखी माणसानेच सांगितले. पण तीन वर्षांपूर्वीची नोंद तिथे शोधून बघा, नाकीनऊ येतात. खाजगी गटातले तर गटाबाहेर कुणालाच दिसत नाही.

यूट्यूब आवाजासाठी आणि चित्रफितीसाठी. भजन, नाटकाचा प्रवेश, आजीची कहाणी. चढवताना पब्लिक, अनलिस्टेड, प्रायव्हेट असे तीन पर्याय येतात. अनलिस्टेड म्हणजे दुवा ज्याच्याकडे आहे त्यालाच दिसणारे. सुरुवातीला तेच निवडा, घरच्यांना दाखवा, मग सगळ्यांसाठी खुले करा.

ब्लॉग सलग लिहिण्यासाठी. ब्लॉगर आणि वर्डप्रेसवर फुकट सुरू करता येतो. विहिरींवाल्या काकांनी तेच केले.

आणि साठवणीसाठी विकिमीडिया कॉमन्स. विकिपीडियावर दिसणारे बहुतेक फोटो तिथे ठेवलेले असतात. ही जागा २००४ सालापासून चालू आहे, ती चालवणारी संस्था नफ्यासाठी नाही, जाहिराती नाहीत. तिथला फोटो कुणालाही शोधून मिळतो आणि कुठल्याही भाषेतल्या विकिपीडियात वापरता येतो. मराठी विकिपीडिया २००३ च्या मे महिन्यापासून आहे, कोकणी विकिपीडियाही आहे. कांगलांचा एक चांगला फोटो दोन्हीकडे कामाला येतो.

साठवणीच्या जागेचा मी एवढा आग्रह धरतो, कारण चव्हाट्याच्या जागा बंद पडताना आपण पाहिल्या आहेत. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले. आपल्याकडे घराघरात पोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस २०१९ मध्ये गेले. टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये सरकारने बंदी घातली, तेव्हा किती जणांची गाणी आणि नाच एका रात्रीत दिसेनासे झाले. माझेही एका ठिकाणी ठेवलेले दशावताराचे फोटो असेच गेले. सूचना ईमेलवर आली होती, मी ईमेल उघडलीच नाही. त्यातल्या एका फोटोत रंगलेले जे कलाकार होते, ते आज हयात नाहीत.

पायरी ६: हक्क कुणाचा, परवानगी कसली

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण कळून घ्या.

तुम्ही काढलेल्या फोटोचा हक्क तुमचा. दुसऱ्याने काढलेला फोटो तुमच्या फोनात आला म्हणून तो तुमचा होत नाही. भारतीय कायद्यानुसार लेखनावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षे राहतो, आणि फोटोवरचा फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा. पण एखाद्या गायकाने गायलेल्या त्याच अभंगाचे ध्वनिमुद्रण सगळ्यांचे नाही, ते उचलून आपल्या चित्रफितीमागे लावू नका. तुमच्या मंडळाने स्वतः म्हटलेले लावा, तेच जास्त बरे वाटते.

आजोबांचा स्टुडिओतला फोटो? पैसे देऊन काढून घेतलेला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कायद्याने पहिला हक्क फोटो काढून घेणाऱ्याचा, म्हणजे आजोबांचा. पण नाटकाचा फोटो गावातल्या छायाचित्रकाराने हौसेने काढला असेल तर त्याच्या घरी जाऊन विचारा. आमच्याकडे असे विचारायला गेलो, तर त्या घरातून आणखी दोन डबे निगेटिव्ह निघाले.

क्रिएटिव्ह कॉमन्स हा शब्द तुमच्या कानावर येईल. त्याचा अर्थ असा की हक्क तुम्ही सोडत नाही, फक्त आधीच जाहीर परवानगी देता: माझे नाव लिहा आणि वापरा. "सीसी बाय-एसए" या प्रकारात आणखी एक अट असते, की तुम्ही यात बदल करून पुढे दिलेत तर त्याच परवान्याखाली द्या. एकदा दिलेली ही परवानगी मागे घेता येत नाही, आणि त्यात व्यापारी वापरही येतो. उद्या एखाद्या कंपनीने तुमच्या माटोळीचे कॅलेंडर काढले, तर नाव द्यायला ती बांधील, पैसे द्यायला नाही. हे मान्य असेल तरच द्या. मला मान्य आहे, कारण आईने नावे सांगताना पैसे मागितले नव्हते.

गोव्यात याचे मोठे उदाहरण आहे. गोवा विद्यापीठाने चार खंडांत काढलेला कोकणी विश्वकोश २०१३ मध्ये असाच खुल्या परवान्याखाली आणला. एका विद्यापीठाने वर्षानुवर्षे केलेले काम कुणालाही वापरायला दिले. मग आपण आपल्या अकरा फळांवर कुलूप लावून का बसावे?

पायरी ७: प्रत्यक्ष चढवणे

कॉमन्सवर खाते उघडा. नाव आणि पासवर्ड पुरे. ईमेल दिली नाही तरी चालते, पण द्या, पासवर्ड विसरलात तर तीच उपयोगी पडते. खरे नाव घ्यायची सक्ती नाही. हेच खाते मराठी विकिपीडियावरही चालते.

मग तिथले अपलोड विझार्ड (फोटो चढवायचे पान) उघडा. फोटो निवडा. "हे माझे स्वतःचे काम आहे" असे सांगा, खरोखर असेल तरच. परवाना निवडा. फाइलला नाव द्या. कॅमेऱ्याने दिलेले आकडे नकोत, "माटोळीतील कांगलां, माशेल, गोवा, २०२४" असे. वर्णनाची भाषा मराठी निवडून पायरी ३ मधल्या ओळी तिथे लिहा. जमल्यास दुसरी भाषा जोडून तेच इंग्रजीत लिहा. वर्ग म्हणून गणेश चतुर्थीचा, गोव्याचा आणि वनस्पतीचा शोधून लावा. हे वर्ग म्हणजे वाचनालयातली कपाटे. चुकीच्या कपाटात गेलेले पुस्तक असून नसल्यासारखे. पहिला फोटो चढवायला अर्धा तास जाईल. पाचव्याला पाच मिनिटे लागतात.

घरच्यांचे हसरे फोटो तिथे चालत नाहीत, ज्ञानाच्या उपयोगाचेच चालतात. तसेच इंटरनेटवरून उतरवलेला फोटो स्वतःचा म्हणून टाकू नका, तो काढून टाकला जातो आणि तुमच्यावरचा विश्वासही जातो. विकिपीडियात मजकूर घालायचा असेल तर छापील आधार लागतो, "आजी म्हणाली" चालत नाही. आधार शोधायला पणजीत पाटोला जा. कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली सुरू झालेले आहे, जुनी मराठी नियतकालिके तिथे बसून वाचता येतात. आजीचे म्हणणे मात्र ब्लॉगवर लिहा. त्याची तीच जागा.

पायरी ८: दुसऱ्याचे पुढे पाठवण्याआधी

२०२१ च्या जुलैमध्ये सत्तरी-डिचोलीत पूर आला, म्हादई आणि वाळवंटी फुगल्या, घरे पडली. त्या रात्री माझ्या फोनवर एक पूल कोसळतानाची चित्रफीत आली, खाली आमच्या भागाचे नाव. मी घाबरून चार ठिकाणी पाठवली. माझ्या एका मावशीने ती पाहून अंथरुणावरच्या सासूला मध्यरात्री पावसात दुसऱ्या घरी हलवले. पूल गोव्यातला नव्हताच, आणि फीतही जुनी होती.

व्हॉट्सॲपवर निरोपाच्या डोक्यावर दोन बाण दिसले की समजा, तो पुष्कळ हातांतून आला आहे. असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, २०२० पासून तसे बंधन आहे, आणि ते उगीच घातलेले नाही. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाका, आधी कुठे कुठे आला होता ते दिसते. चित्रफीत असेल तर ती थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तोच टाका. दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, बसचा रंग कोणता, गाडीचा नंबर जीए ने सुरू होतो का, हे बघा. काहीच कळले नाही तर पाठवू नका. ज्या गावाचे नाव आहे तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन लावा. गोवा एवढासा, दोन फोनांत खरे कळते.

पायरी ९: घरची प्रत

जे जे चढवले त्याची एक प्रत फोनात, एक हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर, आणि एक दुसऱ्या घरी, लेकीकडे किंवा भावाकडे. आपल्याकडच्या दमट हवेत पेन ड्राइव्हवर एकट्यावर विसंबू नका. गूगलची फुकट जागा १५ जीबी, आणि त्यातच फोटो आणि ईमेल दोन्ही मोजले जातात. फोल्डरची नावे वर्ष आणि विषय अशी ठेवा: "२०२४ चवथ माटोळी". ब्लॉग लिहीत असाल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा पत्ता घालून पान जतन करा, दोन मिनिटांचे काम आहे. आणि खात्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला ती वही कुठे आहे ते सांगून ठेवा.

पायरी १०: लोक लिहितात तेव्हा

मांडले की लोक लिहिणार. कुणी म्हणेल, मराठीत का लिहिले, कोकणीत का नाही. कुणी उलटे म्हणेल. गोव्यात हा वाद जुना आहे आणि माणसे दोन्ही बाजूंनी जीव लावून बोलतात. माटोळीच्या फोटोखाली तो मिटणार नाही. मी दोन्ही नावे लिहितो आणि पुढे जातो. शिवीगाळ झाली तर उत्तर न देता ती ओळ लपवतो. दिवसातून एकदाच, संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर, वीस मिनिटे उत्तरांना देतो, मग फोन दूर.

चूक दाखवणाऱ्याचे मात्र लगेच ऐका. मागच्या वर्षी एका फळाखाली मी आईने सांगितलेले नाव लिहिले होते. वाळपईच्या बाजूच्या एका बाईंनी कळवले, "आमच्याकडे याला वेगळे म्हणतात, आणि तुम्ही लिहिले ते नाव आम्ही दुसऱ्याच वेलीला देतो." सोबत त्यांनी आपल्या परसातल्या त्या वेलीचा फोटो जोडला होता. मी तो आईला दाखवला. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही आमच्या माहेरच्या डोंगरावर होती." मग मी बाईंना विचारून त्यांचा फोटो त्यांच्याच नावाने चढवायला मदत केली, आणि माझ्या फोटोखाली आईच्या नावाच्या शेजारी एक ओळ वाढवली: वाळपईकडे वेगळे नाव, पाहा सोबतचा फोटो.